मित्रमंडळींबरोबर शनिवार-रविवारची निवांत सायकलफेरी: रस्ता, वेग आणि सोबत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणारे तुम्ही पाच मित्र-मैत्रिणी, वये चौतीस ते बावन्न. दोघांकडे हायब्रिड सायकली आहेत, दोघांकडे जाड टायरच्या एमटीबी आहेत आणि पाचव्या मैत्रिणीने शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार गावाकडच्या शांत रस्त्यांवर निवांत फिरावे, एवढीच इच्छा आहे. शर्यत लावायची नाही आणि विक्रमही करायचा नाही. तेव्हा जावे कुठे, दिवसाला किती किलोमीटर धरावेत, नवी सायकल घ्यावी का आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असताना एकत्र कसे राहावे, असे तुम्ही विचारले आहे.

गेली सतरा वर्षे मी अशा फेऱ्या काढतो आहे आणि त्यांत नवखी माणसे नेहमीच असतात. तुम्ही सर्वांत शेवटी विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तोच आधी घेतो. निवांत फेरीची आखणी गटातल्या सर्वांत सावकाश सायकल चालवणाऱ्या माणसावरून करावी. रस्ता, अंतर, निघण्याची वेळ, जेवणाचे ठिकाण हे सगळे त्या एका माणसाला समोर ठेवून ठरवले की बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात. बहुतेक गटांत मात्र आखणी करतो तो सर्वांत दमदार गडी, कारण उत्साह त्यालाच अधिक असतो, आणि त्याला सोपा वाटलेला रस्ता दुसऱ्या कोणाला तरी दिवसभर छळतो.

यात एक अन्याय असा आहे की तो करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. पुढे गेलेले चौघे चहाच्या टपरीवर थांबतात, पाय मोकळे करतात, पाणी पितात आणि पंधरा मिनिटांनी मागचा माणूस धापा टाकत पोहोचला की लगेच म्हणतात, "चला, आलात ना, निघू या." म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज कमी त्यांना ती भरपूर मिळते आणि ज्याला खरी गरज आहे तो दिवसभर न थांबता चालवत राहतो. चार थांबे असे झाले की तो माणूस पुढच्या महिन्यात काहीतरी कारण सांगून येत नाही. म्हणून आमच्याकडे विश्रांतीची वेळ शेवटचा माणूस सायकल उभी करतो तेव्हापासून मोजली जाते आणि त्यानंतर किमान दहा मिनिटे कोणी हलत नाही. सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला रांगेत शेवटी न ठेवता दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे. पुढे एक समजूतदार माणूस असावा आणि सर्वांत मागे हातात दम असलेला, पंक्चर काढता येणारा माणूस असावा. मागे राहण्याची ही जबाबदारी तुमच्यातल्या दमदार दोघांनी अर्धा-अर्धा दिवस वाटून घ्यावी.

दुसरा नियम फाट्याचा. हा आम्ही एका चुकीतून शिकलो. वाईच्या वरच्या अंगाला, धोम जलाशयाच्या बाजूने जाताना एका फाट्यावर आमचे पुढचे तिघे डावीकडे वळले. रस्ता आपल्याला ठाऊक आहे तसा तो सगळ्यांनाच ठाऊक असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. मागून एकटी येणारी आमची मैत्रीण सरळ गेली. त्या भागात मोबाइलला रेंज नव्हती. ती साधारण चार किलोमीटर पुढे गेल्यावर एका वस्तीवरच्या आजींनी तिला सांगितले की सायकलवाले कोणी इकडून गेले नाहीत, तेव्हा तिला चूक कळली. आम्ही तिला शोधून काढेपर्यंत पाऊण तास गेला होता आणि तिच्या बाटलीतले पाणीही संपले होते. वाईट काही घडले नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून नियम असा आहे की फाटा आला की पुढचा माणूस थांबतो आणि मागून येणारा दुसरा सायकलस्वार डोळ्यांना दिसेपर्यंत पुढे जात नाही; मग तो दुसरा तिसऱ्यासाठी थांबतो, आणि हे शेवटच्यापर्यंत चालते. फोनवर, नकाशावर किंवा "त्याला माहीत असेल" या समजुतीवर विसंबायचे नाही.

आता अंतराविषयी. मोकळ्या सपाट रस्त्यावर नवखा माणूस ताशी १२ ते १४ किलोमीटर सहज चालवतो. त्यात फोटो, चहा, देऊळ, पंक्चर आणि गप्पा धरल्या की प्रत्यक्षात ताशी ८ किंवा ९ किलोमीटर पडतात. डिसेंबरमध्ये पुण्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि साडेअकरानंतर ऊन लागू लागते. म्हणजे हाताशी चांगले साडेचार तास असतात, त्यात ३५ ते ४० किलोमीटर होतात. तुमच्या गटासाठी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना दिवसाला ३५ किलोमीटर ही मर्यादा धरा. चढ असेल तर माझा अंदाज असा की दर १०० मीटर चढाईसाठी सपाटीवरचे तीन किलोमीटर अधिक धरावेत. ४०० मीटर चढ असलेला २५ किलोमीटरचा रस्ता थकव्याच्या हिशेबाने ३७ किलोमीटरचा असतो. नुसते किलोमीटर पाहून ठरवलेला रस्ता हमखास फसवतो.

चढ कुठे लागेल हे नकाशावरून ओळखण्याची एक सोपी खूण आहे, आणि पुणे-सातारा भागात ती फार उपयोगी पडते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे डोंगरांचे फाटे निघतात आणि त्या फाट्यांच्या मधून नद्या वाहतात. नदीच्या काठाने जाणारा रस्ता सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्याला मात्र मधला डोंगर ओलांडावाच लागतो. कात्रज, दिवे, बापदेव, खंबाटकी, पसरणी हे सगळे घाट असे ओलांडणीचे आहेत. तेव्हा निवांत फेरीसाठी खोऱ्याच्या आत शिरून त्याच खोऱ्यातून परत येणारा रस्ता निवडावा. त्याच रस्त्याने परतायला पुष्कळ जण नाखूश असतात, फेरी गोलाकार व्हावी असा त्यांचा हट्ट असतो. मला तो हट्ट पटत नाही. सकाळच्या उन्हात पाहिलेले खोरे परतताना दुसऱ्या बाजूने पाहिले की वेगळेच दिसते, आणि जाताना चढ असेल तर दमलेल्या पायांना येताना उतार मिळतो.

या सगळ्या विचाराने तुमच्या पहिल्या दोन दिवसांच्या फेरीसाठी मी वाईचे खोरे सुचवतो. पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर आहे, पण महामार्गावर सायकल चालवत जाण्यात काही अर्थ नाही. अवजड वाहनांच्या कडेने जाताना जीव मुठीत धरावा लागतो, धूर खावा लागतो आणि खंबाटकीच्या चढावर निम्मा दम संपतो. सायकली गाडीत घालून वाईपर्यंत न्याव्यात आणि फेरी तिथून सुरू करावी. पाच सायकलींना एक छोटा हत्ती पुरतो. सायकली भरताना मात्र स्वतः उभे राहा. चेन आणि डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) असलेली उजवी बाजू दुसऱ्या सायकलीवर दाबली जाणार नाही अशी ठेवा, प्रत्येक दोन सायकलींमध्ये जुनी गोधडी किंवा खोक्याचा पुठ्ठा घाला, एकीचे पायडल दुसरीच्या स्पोकमध्ये जाणार नाही हे पाहा आणि दोरी फ्रेमला बांधा, चाकांना नको. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर गाडीत वाकला तर गिअर नीट पडत नाहीत. वाईत उतरल्यावर हे कळले की सकाळ तिथेच जाते.

शुक्रवारी रात्री वाईत मुक्काम करा आणि शनिवारी सकाळी सव्वासातला निघा. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगून बाजूला जावे म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. सकाळी घाटावर गर्दी नसते, तेव्हा पाच मिनिटे थांबून ती भिंत जरूर पाहा. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली लागते. नाना फडणवीसांचा वाडा, नदीकाठचा दगडी घाट आणि घाटाशेजारी टांगलेली मोठी घंटा हे पाहण्यासारखे आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा देशावर आणल्या गेल्या, त्यांतली ही एक. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायला पाच मिनिटे लागतात, पण सायकली वरच कुलूप लावून ठेवा. ओल्या दगडावर क्लीटचे, म्हणजे पायडलमध्ये अडकणाऱ्या तळाचे बूट घसरतात.

मेणवलीपासून धोमपर्यंतचा रस्ता मला या सगळ्या भागात सर्वांत आवडतो. दोन्ही बाजूंना उसाची आणि हळदीची शेते, मधूनच वडाची मोठी झाडे, एका अंगाला पांडवगड, आणि हिवाळ्यात सकाळी नदीच्या बाजूने धुके वर येते ते साडेआठपर्यंत हलत नाही. धोम गावात नरसिंहाचे देऊळ आहे आणि त्याच आवारात महादेवाचे. महादेवापुढचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे, आणि कासवाभोवती कमळाच्या आकाराचे कुंड आहे. कुंडात पाणी असले की कासव नंदीला घेऊन पोहत निघाले आहे असे वाटते. घडवणाऱ्याने तसेच वाटावे म्हणून ते केले असणार. धोमला न्याहारी करा आणि मग धरणाच्या वर जलाशयाच्या काठाने जा. पुढे खोरे दुभंगते: एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वाळकी, आणि मध्ये कमळगडाचा डोंगर. आम्ही चुकलो तो भाग हाच, तेव्हा इथे फाट्याचा नियम कसून पाळा. सकाळी दहापर्यंत जेवढे आत जाता येईल तेवढेच जावे आणि तिथून मागे फिरावे. खोऱ्याच्या टोकाला असलेले जोर गाव गाठायचेच असा निश्चय पहिल्या वेळी करू नका. ते पुढच्या वर्षासाठी ठेवा.

रविवारी अंतर आणखी कमी करा. पहिल्या दिवसानंतर नवख्या माणसाचे पाय दुखत नाहीत एवढे बूड दुखते, आणि दुसऱ्या दिवशी सीटवर बसणे हीच परीक्षा असते. वीस-पंचवीस किलोमीटर पुरे.

सायकलविषयी माझे स्पष्ट मत आहे की तुमच्यापैकी चौघांनी काहीही नवे घेऊ नये. हायब्रिड आणि एमटीबी दोन्ही या रस्त्यांना योग्य आहेत. पाचव्या मैत्रिणीने आधी कोणाची तरी हलक्या गिअरची सायकल उसनी किंवा भाड्याने घ्यावी, तीन आठवडे सकाळी अर्धा-पाऊण तास चालवावी आणि मगच विकत घ्यायचा विचार करावा. हलका गिअर म्हणजे पुढची चेनरिंग (पायडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रे) यांच्या सर्वांत सोप्या जोडीत दोन्हीकडचे दात जवळपास सारखे असावेत, किंवा मागे अधिक असावेत. बिनगिअरची सायकल सपाट रस्त्याला चालते, धोमच्या काठच्या चढ-उताराला ती त्रास देईल.

पैसे खर्च करण्याआधी सीटची उंची नीट करा, कारण ती फुकट होते आणि फरक मोठा पडतो. सायकलवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ व्हावा. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो तेव्हा गुडघ्यात थोडा बाक उरतो, तेवढाच हवा. आपल्याकडे बहुतेक लोक दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि दहा किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले की सायकलला दोष देतात. पुढे दुखले तर सीट खाली आहे, मागे लवणीत दुखले तर वर आहे, असे ढोबळ मानाने समजावे. सीटवर जेलचे जाड आवरण घालू नका. त्यात बूड रुतते आणि मांड्या घासतात. त्यापेक्षा पॅडची सायकलिंग शॉर्ट घ्या, आणि तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते हे नवख्या माणसाला स्पष्ट सांगा, कारण संकोचाने कोणी विचारत नाही आणि शिवणीने कातडी सोलून निघते. एमटीबीच्या टायरमध्ये डांबरी रस्त्यासाठी ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) आसपास हवा ठेवा, हायब्रिडच्या ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६०. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या आतच राहा. हेल्मेट सगळ्यांना हवेच, त्यावर चर्चा नको.

पंक्चर तुम्हाला होणारच, आणि दहातल्या आठ वेळा कारण बाभळीचा काटा असेल. शेताच्या कुंपणाला घातलेल्या फांद्यांचे काटे रस्त्यावर येतात, तेव्हा सायकल रस्त्याच्या अगदी कडेच्या मातीवर लावू नका. प्रत्येकाकडे आपल्या चाकाच्या मापाची एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या) आणि गटाकडे एक चांगला पंप असावा. ट्यूब बदलणे दहा मिनिटांचे काम आहे, पण इथे एक चूक सर्रास होते. जुनी ट्यूब काढून नवी घातली जाते, हवा भरली जाते आणि दोनशे मीटरवर चाक पुन्हा बसते, कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. म्हणून जुनी ट्यूब काढल्यावर तिच्यात थोडी हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी धरून भोकाची जागा टायरवर कुठे येते ते पाहा आणि टायरच्या आतल्या बाजूने जुने सुती फडके सावकाश फिरवा. फडके जिथे अडकेल तिथे काटा आहे. बाहेरून त्याचे टोक तुटलेले असते, काळ्या रबरात तो दिसतसुद्धा नाही. आतून मात्र तांदळाच्या कणीएवढे टोक हाताला लागते. ते चिमट्याने किंवा लिव्हरच्या टोकाने मागे ढकलून काढावे लागते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके दिसली तर काटा शोधत बसू नका. कमी हवेच्या चाकाने दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटली गेली आहे. हे सगळे पाचही जणांनी घरी, गॅलरीत बसून, एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा आणि तहान लागण्याची वाट पाहू नका. दोन बाटल्यांपैकी एकीत साधे पाणी, दुसरीत ओआरएस. एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची असते, अर्ध्या लिटरमध्ये नको. लिंबू, मीठ, साखर घातलेले घरचे सरबतही चांगले. खाण्याच्या बाबतीत माझा आग्रह एवढाच आहे की निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा दोन चपात्या पोटात असाव्यात, आणि तर्रीदार मिसळ फेरी संपल्यावर खावी, मध्यावर नाही. दुपारचे जेवण आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. खोऱ्यातल्या गावांत पाच माणसांना अचानक जेवू घालणारे हॉटेल मिळेलच असे नाही, पण आधी सांगितले तर एखाद्या घरी ज्वारीची भाकरी, पिठले, वांग्याची भाजी आणि ठेचा असे जेवण मिळते, आणि त्या घराला चार पैसेही मिळतात. पैसे किती हे आधी विचारून घ्या आणि सांगितले त्याहून कमी करू नका.

तुमच्यात पन्नाशीचे एक जण आहेत. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच यावे. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि ते कुठल्या खिशात आहे हे निदान दोघांना माहीत असावे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सगळ्यांना ठाऊक असतो, पण आपण नेमके कुठे आहोत हे सांगता येत नाही. म्हणून मी प्रत्येक गावाची पाटी वाचत जातो आणि मागच्यालाही ओरडून सांगतो.

ऋतूविषयी बोलायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात हिरवे डोंगर मोह घालतात, मलाही घालतात, पण नवख्या गटाला मी जुलै-ऑगस्टमध्ये घाटाकडे नेत नाही. झाडांच्या सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरते, दरड येते आणि सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते. हिवाळ्यातला धोका वेगळा आहे. उसाचा हंगाम चालू असतो आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या बाहेर डोकावणारा ऊस आपल्या अंदाजापेक्षा हातभर रुंद असतो, आणि दुसरी ट्रॉली वळणावर आत ओढली जाते. ट्रॅक्टर मागून आला तर सायकल रस्त्याखाली घेऊन उभे राहा, त्याच्याशी रस्ता वाटून घेऊ नका. अंधार पडल्यानंतर अशा रस्त्यावर सायकल चालवूच नका, मागे कितीही चांगला दिवा असला तरी. उतारावर एकमेकांना ओलांडायचे नाही, दोन सायकलींत निदान पाच-सहा सायकलींचे अंतर ठेवायचे आणि वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.

कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याचा मोह आवरा. सावकाश व्हा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे जा. बहुतेक कुत्री आपल्या हद्दीबाहेर येत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांचा कळप आला तर थांबायचेच. धनगराला आधी जाऊ द्या, घंटी वाजवून कळप बिथरवू नका. गावातून जाताना गाणी बंद करा, शाळेची मुले धावत आली तर दोन मिनिटे उभे राहून त्यांना सायकल दाखवा. एखाद्याच्या शेतात फोटोसाठी शिरण्याआधी विचारा. आपण पाहुणे आहोत आणि पुन्हा त्याच रस्त्याने यायचे आहे.

वाईची फेरी नीट जमली की पुढच्या दोन महिन्यांसाठी दोन जागा सांगतो. समुद्र हवा असेल तर अलिबाग ते मुरूड हा सुमारे ५० किलोमीटरचा किनाऱ्याचा रस्ता दोन दिवसांत करा. पहिल्या दिवशी अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा करत कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून काशीदपर्यंत, दुसऱ्या दिवशी मुरूड. अक्षीचा शके ९३४ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये मोजला जातो, तो वाटेतच आहे. चौलपर्यंत नारळी-पोफळीच्या बागांमधून सपाट आणि सावलीचा रस्ता आहे. रेवदंड्यानंतर मात्र चढ लहान पण तिखट आहेत, तिथे उतरून सायकल ढकलण्यात काही कमीपणा मानू नका. ही फेरी उत्तरेकडून दक्षिणेकडेच करावी, कारण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुपारकडे समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तो पाठीशी घेणे शहाणपणाचे. मुंबईकडचे मित्र येणार असतील तर ते भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने, म्हणजे वाहने नेणाऱ्या बोटीने येऊ शकतात.

चढ नकोच असेल तर भिगवणजवळ उजनीच्या पाणलोटाकडे जा. भीमेवरच्या या धरणाच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांना पाहण्यासाठी पहाटेच काठावर पोहोचावे, कुंभारगावच्या बाजूने होडीने पाण्यात जावे आणि सायकल त्यानंतर आसपासच्या सपाट रस्त्यांवर चालवावी. तिथे सावली फार कमी आहे आणि उसाचे ट्रॅक्टर फार, त्यामुळे साडेदहाच्या पुढे रस्त्यावर राहू नका.

वाईचा रविवार मात्र लांबवू नका. सकाळची फेरी अकराच्या आत संपवा, सायकली पुसून चेनवरची धूळ कोरड्या फडक्याने काढून तेल द्या, जेवण करा आणि दोनच्या आत गाडी सोडा. संध्याकाळी महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या मोटारी महामार्गावर एकदम येतात, खंबाटकीच्या पट्ट्यात तासतासभर अडकावे लागते आणि सोमवारी कामावर जायचे असते. निघण्यापूर्वी पाचव्या मैत्रिणीला एकदा बाजूला घेऊन विचारा, की अंतर जास्त झाले का आणि कुठला चढ नकोसा वाटला. सगळ्यांसमोर ती "छान झाले" एवढेच म्हणेल. ती एकटीला सांगेल त्यावरून पुढच्या महिन्याचा रस्ता ठरवा.